बिजागरीचा सहावा स्क्रू

आमच्या घरी मोटार आली ती बैलांच्या मागून. समुद्रकाठी एन्नोरला मिठागरांवरच्या एका साहेबाच्या बंगल्यात ती कित्येक वर्षं आंब्याच्या झाडाखाली उभी होती. साहेब वारले, मुलांना अंगण मोकळं हवं होतं, आणि आप्पांना, माझ्या वडिलांना, ती मोटार हवी होती. युद्धाच्या आधीची विलायती गाडी, मोठ्या डोळ्यांसारखे दिवे, आत लाकडी सांगाडा, बाहेर पत्रा. चाकं होती पण टायर नव्हते, म्हणून चाकांना काथ्याचे दोर गुंडाळून, पुढे बैलजोडी जुंपून ती अयनावरमच्या आमच्या गल्लीत आणली. शेजारच्या मामी तिण्णैवर, म्हणजे दारच्या ओट्यावर, उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत होत्या. आप्पा मात्र गाडीबरोबर पायी चालत आले होते, एका हाताने तिचं दार धरून, जशी काही कुणी वयस्क बाई उन्हातून येते आहे.

आप्पा तेव्हा रेल्वेच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं त्यांनी लेथवर काढली, आणि शेवटच्या वर्षी उजवं मनगट मोडलं ते वाकडंच जुळलं. लिहिता येई, भात कालवता येई, पण पाना घट्ट धरून फिरवणं जमत नसे. ते काम माझं. परसात झावळ्यांचं छप्पर घालून त्यांनी मोटारीला जागा केली होती आणि एका उलट्या लाकडी खोक्यावर मी बसायचे. "सगू, सुत्ती दे. सगू, तिरुप्पुळी दे. लहान नक्को, मोठी." सुत्ती म्हणजे हातोडी आणि तिरुप्पुळी म्हणजे पेचकस, हत्यारांची नावं आमच्या घरात तमिळच होती. आप्पा सांगत तिकडे मी फिरवायची, थांब म्हणाले की थांबायची. लोकांना ते कौतुकाने सांगत, "ही माझा उजवा हात." दोन वर्षं असंच चाललं; आता मी अठरा वर्षांची होते, इंटरची परीक्षा झाली होती, आणि या एका वाक्यावर मी दिवसच्या दिवस काढत असे.

घर लहान होतं पण आवाजांनी भरलेलं. पहाटे कारखान्याचा भोंगा, त्यापाठोपाठ कोलमची, म्हणजे रांगोळीची, पांढरी पूड विकणारीची हाक, मग अम्माच्या पितळी गाळणीवर काफीचं थेंब थेंब पडणं. अम्माचा स्वयंपाक तंजावरच्या आजीकडून आलेला: आंबट भाजी, उडदाच्या पिठाची दह्यातली डांगर पच्चडी, चिंचेचं सार. दुपारी तीनच्या सुमाराला समुद्रावरचा वारा आला की सगळं घर एक मोठा श्वास सोडी. त्या वर्षी कत्तिरीचं, म्हणजे ऐन मे महिन्यातलं, ऊन असं होतं की वारा चार वाजले तरी येत नसे, आणि मोटारीच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसे.

त्याच उन्हात अण्णाचं लग्न झालं. अण्णा, माझा थोरला भाऊ, तारखात्यात होता आणि दोन वर्षं बदलीवर कोल्हापूरला राहिला होता. तिथलीच मुलगी त्याने पसंत केली. वहिनीचं नाव उषा. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, उंच, सावळी, आणि बोलणं असं स्वच्छ की ऐकत राहावं. आमचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत आलं आणि इथेच मुरलं, अम्मा अण्णाला सहज विचारायची, "काय करूलास?", म्हणजे काय करतोयस. पहिल्यांदा ते ऐकून वहिनीला हसू आलं. वाईट हसू नव्हतं ते, पण मला लागलं. आठ दिवसांत आप्पा तिच्याशी बोलताना शब्द निवडून बोलू लागले. हे मी लिहिते आहे ते मराठीसुद्धा मी तिच्याकडूनच शिकले, तिने आणलेल्या मासिकांतून आणि तिच्या तोंडून. माझ्या बापाबद्दल लिहायलाही मला तिचे शब्द घ्यावे लागतात, हे आज या वयातही मला पूर्णपणे आवडलेलं नाही.

सुरुवातीला मी तिला सोसत होते. डांगर पच्चडी पहिल्या घासालाच तिने दुसऱ्यांदा मागून घेतली आणि अम्मा विरघळली, तेही मी सोसलं. पण लग्नाला तीन आठवडे झाले असतील, ती काफीचे पेले घेऊन परसात आली, मोटारीपाशी थांबली आणि म्हणाली, "मामंजी, मी बघू का जरा?"

आप्पा हसले. "काय बघतेस गे?"

"हे दार लोंबकळलंय. बिजागरीमागचा खांब कुजला असणार." तिने पदर खोचला, खाली बसली आणि लाकडात नखाने टोचून पाहिलं. नख आत गेलं. "माझ्या वडिलांचं मोटारदुरुस्तीचं दुकान आहे. मी शाळेतून आले की तिथंच असायची."

आप्पांच्या हातातली काफी तशीच राहिली. कारखाना सुटल्यापासून त्यांच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मी दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसत होते आणि मला हत्यारांची नावं येत होती. तिला मोटारीचं दुखणं कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून खोक्यावर ती बसू लागली. कुणी मला ऊठ म्हटलं नाही. मी पाणी आणायला आत गेले आणि परत आले तर ती बसलेली होती, एवढंच. मी तांब्या घेऊन उभी राहिले. मग काही वेळाने उभं राहायचंही कारण उरलं नाही.

दार काढल्याशिवाय खांब बदलता येणार नव्हता आणि दार काढायचं तर वरच्या बिजागरीचे सहा स्क्रू काढायला हवे होते. बिजागरी पितळेची होती, ओतीव, वेलबुट्टी कोरलेली. तशी दुसरी पुदुपेटच्या भंगारवाल्यांकडे शोधूनही मिळाली नव्हती. स्क्रू पोलादी, डोकी बिजागरीत सपाट बसलेली, आणि एन्नोरच्या खाऱ्या हवेने ती अशी खाल्लेली की पितळ कुठे संपतं आणि गंज कुठे सुरू होतो ते कळेना. वहिनीने घाई केली नाही. आधी खिळ्याच्या टोकाने प्रत्येक खाच कोरून स्वच्छ केली, रॉकेल सोडलं, मग खाचेत नेमका बसेल असा पेचकस निवडला आणि त्याच्या मुठीवर हातोडीचे दोन ठोके दिले. नंतर तिने स्क्रू उलटा नव्हे, सुलटा फिरवला.

"अगं, घट्ट करतेस?" आप्पा म्हणाले.

"आधी केसभर आवळायचा, मामंजी. गंज तुटतो. मग सैल होतो."

स्क्रू कुरकुरला आणि बाहेर आला. आप्पांनी तो तळहातावर घेतला आणि मोठ्याने हसले. असं हसणं मी त्यांच्या तोंडून माझ्या कुठल्याच कामावर ऐकलं नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत चिंच कोळत होते. कोळ मनगटापर्यंत ओघळला तरी मला कळलं नाही. दोन दिवसांत पाच स्क्रू निघाले. सहावा हलला नाही. वहिनीने दोनदा प्रयत्न केला, मग पेचकस खाली ठेवला. "याला तीन दिवस रॉकेलात राहू दे," ती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ मी थेंब सोडीन. तोवर कुणी हात लावायचा नाही."

कुणी हात लावायचा नाही. माझ्या घरात, माझ्या आप्पांच्या मोटारीला. अम्मा 'बरं' म्हणाली, अण्णाने मान डोलावली, आणि आप्पा तर असे गप्प बसले जसा वरिष्ठांचा हुकूम आला आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जमिनीवर पाणी शिंपडून निजले होते. मी परसात गेले. मनात फार काही वाईट होतं असं नाही. मला एवढंच हवं होतं की आप्पा उठावेत, बाहेर यावेत आणि तो स्क्रू माझ्या तळहातावर असावा. खाचेत बसणारा मोठा पेचकस वहिनीने आपल्या खोलीत ठेवला होता, म्हणून मी त्याहून बारीक घेतला. ठोके दिले, तिच्यासारखे. फिरवला. पेचकस खाचेतून सटकला आणि कडेची एक ठिकरी उडाली. पुन्हा बसवला, पुन्हा सटकला. घाम डोळ्यांत जात होता. मग मला काय झालं ते सांगता येणार नाही. मी छिन्नी घेतली आणि स्क्रूच्या कडेवर ठेवून हातोडी मारत सुटले. मला तो स्क्रू काढायचाच राहिला नव्हता. मी तिला मारत होते. छिन्नी निसटली, माझ्या अंगठ्याखाली कापलं, आणि थांबले तेव्हा खाच राहिलीच नव्हती. डोकं चेपलेल्या तांब्याच्या पैशासारखं गुळगुळीत झालं होतं आणि शेजारी पितळेवर दोन ताजे, चकचकीत ओरखडे.

मी हत्यारं जागेवर ठेवली. हात धुतला, हळद लावली, आणि पुस्तक पुढे घेऊन बसले.

सकाळी आप्पांनी ते पाहिलं. ते ओरडले नाहीत. "उषा," त्यांनी हाक मारली, आणि वहिनी रॉकेलची बाटली घेऊन आली. "तीन दिवस थांबायचं तूच म्हणालीस. मग हे काय?"

वहिनी खाली वाकली. तिने स्क्रू पाहिला, ओरखडे पाहिले. मग वळून दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि मी हात पाठीमागे नेण्याआधी हळदीचा डाग पाहिला. तिच्या डोळ्यांत काही बदललं नाही.

"चुकलं, मामंजी," ती म्हणाली. "मला धीर निघाला नाही. हात घसरला."

"कारखान्यात असं करणाऱ्याला मी पुन्हा यंत्रापाशी उभं केलं नाही," आप्पा म्हणाले. "आत जा. अम्माला मदत कर." ती आत गेली. आणि मग त्यांनी माझ्याकडे न पाहताच म्हटलं, "सगू, इकडे ये गे. बस."

मी खोक्यावर बसले. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. आप्पा पुन्हा "तिरुप्पुळी दे" म्हणत होते, मी देत होते, आणि त्या तीन दिवसांत आमच्याकडून काडीचंही काम झालं नाही. स्क्रू तसाच. आप्पा येऊन त्याच्याकडे बघत आणि उठून जात. आतून वहिनीच्या वरवंट्याचा आवाज येई, एका लयीत, ना रागाचा ना रडण्याचा, आणि त्या आवाजाने मी जळत असे. तिने मला वाचवलं होतं. म्हणजे त्यातही ती माझ्याहून मोठी ठरली होती. तिने माझं नाव घेतलं असतं तर मी तिचा मनसोक्त द्वेष केला असता. तेवढंही तिने ठेवलं नाही.

चौथ्या दिवशी आप्पा म्हणाले की पुदुपेटहून गॅसची ज्योत लावणारा माणूस आणतो, बिजागरी कापूनच काढू. "लाकूड जळेल थोडं, बिजागरी जाईल. काय करणार?" त्यांनी त्या वेलबुट्टीवरून बोट फिरवलं. त्यांचं वाकडं मनगट मला त्या क्षणी दिसलं आणि माझ्याने राहवलं नाही.

"आप्पा, ते मी केलं," मी म्हणाले. "वहिनीने नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विचारलं नाही, का. उठले आणि आत गेले. संध्याकाळी विहिरीपाशी मी वहिनीला गाठलं. ती रहाट ओढत होती. मी म्हटलं, "तू माझ्यासाठी का खोटं बोललीस?"

"तुमच्यासाठी नाही, वन्सं," ती म्हणाली. दोर हातातून सोडला नाही. "मला या घरात येऊन महिना नाही झाला. सासऱ्यांसमोर नणंदेचं नाव घेतलं असतं, आणि तुम्ही नाही म्हणाला असता, तर त्यांनी कुणाचं खरं मानलं असतं?" तिने घागर भरली. "आणि रागही आला होता. अजून आहे. तो स्क्रू निघाला असता. तिसऱ्या दिवशी निघाला असता."

मला ते ऐकून, विचित्र वाटेल, पण बरं वाटलं. तिलाही राग येत होता.

सकाळी आप्पांनी आम्हा दोघींना बोलावलं. गिरमिट, कानस, टोच्या, सगळं मांडून ठेवलं होतं. "ज्योत नक्को," ते म्हणाले. "डोकं पोखरून काढायचं. पोलाद कठीण, पितळ मऊ. गिरमिट जरा कलंडलं की ते पितळेत शिरेल, आणि मग संपलं. उषा, तू सरळ धर. सगू, तू फिरव."

वहिनीने आधी कानशीने ते चेपलेलं डोकं सपाट केलं. मग टोच्या ठेवला, डोळा जवळ नेला, काढला, पुन्हा ठेवला. तीनदा. चौथ्यांदा एकच ठोका, आणि बरोबर मध्यावर एक खळगा पडला. बारीक पातं लावून तिने गिरमिटाच्या मुठीवर छातीचा भार दिला आणि मी दांडा फिरवू लागले. आमची डोकी एकमेकींना लागत होती. तिच्या केसांना शिकेकाईचा वास होता, अम्माच्या डब्यातल्या. "हळू," ती म्हणे. "थांबा. तेल." मी थांबे, तेल सोडी, पुन्हा फिरवी. पोलादाचे बारीक कुरळे निघून माझ्या मांडीवर पडत होते. एकदा ते पातं डावीकडे ओढतंय असं मला हाताला जाणवलं, तिच्या डोळ्यांना दिसण्याआधी. "वहिनी, कलंडतंय," मी म्हणाले. तिने भार बदलला. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "बरोबर." आप्पा ऐकत होते.

मग जाड पातं. दहा मिनिटं असतील, की अर्धा तास, मला माहीत नाही. अचानक आवाज बदलला, दांडा हलका झाला, आणि स्क्रूचं डोकं अंगठीसारखं पात्यावर चढून गरगर फिरू लागलं. बिजागरी सैल झाली. आप्पांनी ती दोन्ही हातांनी उचलली, धोतराने पुसली, आणि बाजूला ठेवली. ओरखडे दोन, माझेच, तिसरा नाही.

खांबातून आता स्क्रूचा अर्ध्या बोटाएवढा बुंधा वर आला होता. आतल्या लोखंडी पट्टीच्या आट्यांत तो अजून घट्ट होता. वहिनी म्हणाली, लाकडामुळे ज्योत नको, पण तापलेली शीग टेकवली तर फक्त स्क्रू तापेल. ती अम्माच्या कुमुट्टीत, म्हणजे कोळशाच्या शेगडीत, गंजकी शीग खुपसायला निघाली तेव्हा अम्मा दारात आडवी उभी राहिली. "त्यावर मी भात करते गे!" शेवटी भात उतरेपर्यंत आम्ही तिघंही गुडघ्यांवर हात ठेवून वाट पाहत बसलो. लाल शीग बुंध्यावर टेकली, रॉकेलचा धूर नाकात गेला, आप्पांनी मनात आकडे मोजले. मग पाइपाचा पाना. वहिनीने तो माझ्या हातात दिला.

"आधी आवळा," ती म्हणाली.

मी आवळला, केसभर. मग उलटा. कर्र असा एक लांब आवाज आला आणि स्क्रू माझ्या हाताखाली फिरला.

जेवताना आप्पा त्या स्क्रूबद्दल बोलले नाहीत. सार ओरपून झाल्यावर म्हणाले, "सगू, दोन वर्षं तू माझ्याशेजारी बसलीस. तुला स्वतःला काही करायचं आहे हे मला कळलंच नाही."

"तुम्ही कधी दिलं नाहीत," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"तू मागितलं नाहीस," ते म्हणाले. "हिनं मागितलं."

आयुष्यात मला कुणी इतकं लागेल असं बोललं नाही, आणि ते खरं होतं. मी आठ दिवस ते वाक्य घेऊन फिरले. नवव्या दिवशी मी आप्पांना म्हणाले की मला बी.ए. करायचं नाही, मुलींच्या तंत्रनिकेतनात जायचं आहे, यंत्रांचे नकाशे काढायला शिकायचं आहे. अम्मा रडली, अण्णा हसला. आप्पांनी विचारलं, "फॉर्म कुठे मिळतो?"

मोटार वर्षभराने चालली. तोपर्यंत मी सकाळी भोंग्याबरोबर उठून, नकाशे काढायची हाताएवढी टी-पट्टी काखेत मारून बस पकडत होते. वहिनीला पहिलं मूल झालं, मग दुसरं. खोक्यावर कधी ती बसे, कधी कुणीच नसे. मी एका सरकारी कारखान्याच्या नकाशा विभागात लागले आणि तिथेच तेहतीस वर्षं काम केलं. आप्पा गेल्यावर मोटार अण्णाने एका शौकीन माणसाला दिली.

वहिनी आता वेलचेरीला मुलाच्या फ्लॅटवर असते. मी महिन्यातून एकदा जाते. परवा आम्ही दोघी बाल्कनीत शेवग्याचा पाला निवडत बसलो होतो. ती मध्येच म्हणाली, "वन्सं, तुम्ही ती पट्टी घेऊन बस पकडायला जायचात ना, मी वरच्या गच्चीवरून बघायची. कपडे वाळत घालायच्या निमित्ताने. बस वळेपर्यंत." तिने एक काडी बाजूला टाकली. "इतका हेवा वाटायचा तुमचा. वाटायचं, काम मला येत होतं आणि चाललीय ही. कधी कधी वाटायचं, त्या दिवशी मामंजींना नाव सांगून टाकायला हवं होतं."

मी तिचा हात धरायला हवा होता. डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, आणि नंतर ते आलंही, घरी परतताना, बसमध्ये. पण हे लिहायला बसले आहे तर खरं लिहिते. त्या क्षणी, पंचाऐंशीच्या घरातल्या त्या बाईसमोर बसून, मला आधी आनंद झाला.

"अजून वाटतो हेवा?" मी विचारलं.

"वाटतो की," ती म्हणाली, आणि पाल्याची परडी माझ्याकडे सरकवली.